खोटी धाव

अमेरिकन फुटबॉल पायाने खेळत नाहीत. हे वाक्य मी आजवर जितक्यांदा बोलले, तितक्यांदा स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल. चोपड्याच्या बाजारात, सोयरिकीच्या बैठकीत, शाळेतल्या मुलाखतीत, सगळीकडे लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. नाव फुटबॉल आणि चेंडू हातात कसा? पूर्वी मी जीव तोडून समजावत असे. आता सांगते, बारसं अमेरिकेत झालं, आम्हाला आमंत्रण नव्हतं.

अंकवाल्यांनी मला शाळेतल्या नोकरीबद्दल लिहायला सांगितलं होतं. चोपड्याजवळच्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे, आणि त्या नोकरीत सांगण्यासारखं म्हणजे शिट्टी आणि ऊन. पण माझी पहिली नोकरी ती नव्हे. कॉलेजची तिन्ही वर्षं मी विद्यापीठाच्या मुलींच्या संघात वाइड रिसीव्हर होते. पगार नव्हता, पण बाकी सगळं नोकरीसारखंच होतं. वेळेवर हजर राहायचं, वरच्याचं ऐकायचं, आणि केलेल्या कामाचं कौतुक दुसऱ्याला मिळताना टाळ्या वाजवायच्या.

खेळ थोडक्यात सांगते. अकरा जणी इकडे, अकरा तिकडे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. चार डावांत दहा वार, म्हणजे दहा यार्ड, पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार डाव, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. असं करत करत त्यांच्या शेवटच्या रेघेपार चेंडू न्यायचा. मध्ये उभ्या असतात त्या धडका देतात आणि खातात. त्यांच्या मागे एक फेकणारी असते. आणि पार कडेला, बांधावर राखणीला उभी केल्यासारखी, एक झेलणारी असते. ती मी. डाव सुरू झाला की सुसाट पळायचं, ठरल्या जागी वळायचं आणि चेंडू आला तर झेलायचा. यातलं ‘आला तर’ महत्त्वाचं आहे. बहुतेक वेळा तो येत नाही.

आमचे सोनवणे सर मूळचे हँडबॉलचे. कुठल्याशा शिबिरात जाऊन ते हा खेळ अर्धा शिकून आले आणि उरलेला अर्धा मोबाइलवर पाहून शिकले. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून त्यांनी पोरी गोळा केल्या. हा खेळ आधी खेळलेली एकही नव्हती, त्यामुळे जिचा जो खेळ होता त्याच्या सवयी घेऊन ती आली. खो-खोवाल्या डाव सुरू व्हायच्या आधी शिस्तीत उकिडव्या बसायच्या. हँडबॉलवाली चेंडू आपटून पाहायची, आणि तो निमुळता चेंडू भलतीकडे उडी मारून जायचा. मी कबड्डीची. माझी सवय सगळ्यांत महागात पडली, ते पुढे सांगते.

फेकणारी मात्र सरांना आखाजीने, म्हणजे अक्षय्य तृतीयेने दिली. आमच्याकडे आखाजीला नाल्याच्या दोन काठांवर दोन गावच्या पोरी उभ्या राहतात आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात. शिव्या संपल्या की कधी कधी ढेकळं सुरू होतात. सर धुळ्याकडे पाहुणे म्हणून गेले होते, तिथे त्यांनी भारतीला पाहिलं. बाकीच्या पोरींची ढेकळं पाण्यात पडत होती आणि हिची पलीकडच्या काठावर, नेमकी जिला द्यायची तिच्या पायाशी. सरांनी जेवणही पुरतं केलं नाही, आधी तिच्या वडिलांना गाठलं. भारतीला वाटलं, हे तक्रार घेऊन आलेत.

आमच्याकडे चेंडू एकच होता आणि पहिल्याच शिबिरात तो बाभळीच्या काट्यावर पडला. नवा येईपर्यंत काय करायचं? सरांनी बाजारातून भरताची वांगी आणली. ज्यांनी आमच्याकडची वांगी पाहिली नाहीत त्यांना हसू येईल, पण आकाराने आणि वजनाने त्याहून जवळचं दुसरं काही सापडणार नाही. शिवाय वांग्याचा एक गुण चामड्याच्या चेंडूत नाही. कडक हातांनी झेललं की वांग्याला डाग पडतो आणि तो लपवता येत नाही. येणाऱ्या वांग्याबरोबर हात थोडे मागे न्यायचे, त्याला उतरू द्यायचं, हे मी त्या आठवड्यात शिकले. फुटलेली वांगी संध्याकाळी तुराट्यांवर भाजली जायची आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर आम्ही ती खायचो. पहिले काही दिवस भरीत पोटभर मिळालं. मग आमचे हात सुधारले आणि भरीत कमी पडायला लागलं. तेव्हा एक-दोघी मुद्दाम सोडायच्या, हे सरांच्या लक्षात आलं नसावं.

आता माझी सवय. कबड्डीत चढाई करून परतताना तुम्हाला पकडलं, तर सगळा जीव एकाच गोष्टीत असतो, मधल्या रेघेला हात लागला पाहिजे. लहानपणापासून हेच अंगात मुरलेलं. पहिल्या वर्षीच्या एका सामन्यात भारतीने लांब फेकलेला चेंडू मी झेलला, तो उजव्या काखेत दाबला आणि पळत सुटले. रेघ हाताच्या अंतरावर आली तेव्हा मागून एकीने घोटा धरला. मी पडले, पण पडता पडता डावा हात ताणला आणि बोटं फक्कीच्या रेघेवर टेकवली. मग ऐटीत उठले आणि दोन्ही हात वर केले. मी एकटीच आनंदात होते. आमच्या पोरी डोक्याला हात लावून उभ्या होत्या. या खेळात तुमचा हात कुठे आहे याला कोणी विचारत नाही, चेंडू कुठे आहे ते विचारतात. चेंडू माझ्या काखेत, रेघेच्या अलीकडे होता. पंच मला म्हणाले, की तुम्ही पळताना कबड्डी कबड्डी असं काहीतरी म्हणत होतात. मी नाही म्हटलं. पण म्हणत असणार.

भारती माझ्याशी सबंध परतीच्या प्रवासात बोलली नाही. उतरताना फक्त एवढं म्हणाली, “चेंडू काखमा आनि हात रेघवर. तुले घर नेमकं कथा शे ते तरी माहीत शे का?” ‘कथा शे’ म्हणजे कुठे आहे, आमच्या अहिराणीत.

पुढे बरेच दिवस तिने माझ्याकडे चेंडू फेकला नाही. मी पळायची, वळायची, हात वर करायची, आणि चेंडू दुसऱ्या कडेला रूपालीकडे जायचा. रूपाली आमची दुसरी झेलणारी, माझ्याहून सावकाश, पण तिच्या हातांना गोंद लावल्यासारखा चेंडू चिकटायचा. मला राग यायचा. आपण नुसत्याच पळून मरतो आणि नाव हिचं, असं वाटायचं. एकदा सरांपुढे रडलेसुद्धा. सर म्हणाले, तू पळतेस तेव्हा समोरच्या दोघी तुझ्यामागे येतात, म्हणून रूपाली मोकळी सापडते. ते पळणं हाही डावच आहे. त्याला आम्ही खोटी धाव म्हणायला लागलो. चेंडू येणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असतं, पण पाहणाऱ्याला तो आत्ता येतोच आहे असं वाटलं पाहिजे. डोळे आभाळात, हात तयार, शेवटच्या पावलापर्यंत. जरा कुचराई केली की समोरच्या ओळखतात. सरांचं म्हणणं मला पटलं, पण आवडलं नाही. माणसाला पटणं आणि आवडणं यांच्यात बरंच अंतर असतं.

आमचं सामान हा एक वेगळाच विषय होता. खांद्याची पॅडं मुलांच्या संघाची जुनी, आम्हाला ढगळ. आमच्या घरचा कापूस भरून मी माझी पॅडं नीट केली, मग सगळ्यांचीच करावी लागली. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कापूस कुठे जातो ते पाहिलं आणि काही न बोलता पोतं माझ्याकडे सरकवलं.

एकदा यावलला एका शाळेत खेळ दाखवायला गेलो होतो. तिथे माइकवर बोलायला आणलेले काका कुस्त्यांच्या फडाचे. त्यांना नियम समजावून सांगायला सर गेले, तर काकांनी त्यांना हाताने थांबवलं, म्हणाले चाळीस वर्षं बोलतोय, बघतो आणि बोलतो. मग डाव संपून ढीग झाला की ते खालच्या पोरीचं नाव विचारायचे आणि तिला चितपट जाहीर करायचे. शेवटी त्यांनी स्वतःच्या मनानेच नारळ ठेवला आणि तो सर्वांत जास्त वेळा पडून उठलेल्या पोरीला दिला. खरं सांगते, या खेळातलं याहून योग्य बक्षीस मी पुढे कुठे पाहिलं नाही.

परतताना यष्टीचे कंडक्टर हेल्मेटांच्या गोण्या पाहून अडले. लगेज लागेल म्हणाले. सर हुज्जत घालायला लागले, तर कंडक्टरनी तोडगा काढला. जे अंगावर आहे त्याला लगेज नाही. झालं, आम्ही सगळ्यांनी हेल्मेटं चढवली आणि भर उन्हाळ्यात जाळीतून बाहेर बघत जळगावपर्यंत आलो. प्रत्येक थांब्यावर चढणारा माणूस एक पाय पायरीवर ठेवून थबकायचा. एका आजीने माझ्या शेजारी बसून बराच वेळ निरखलं आणि हळूच विचारलं, की बाई, डोक्याला काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, आजी, खेळ आहे. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि पेढा दिला.

आता मुद्द्यावर येते. तिसऱ्या वर्षी मला खेळ शिकवण्याचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. धुळ्याला जाऊन बीपीएड करायचं, आणि शाळेत लागायचं. नानांचा खेळाला विरोध नव्हता. कापसाचं पोतं त्यांनी दिलंच होतं. पण खेळ हे शिकून करायचं काम आहे हे त्यांना पटत नव्हतं. पोर मन रमवायला खेळते, तशी खेळू दे, इतकंच. मी हट्टच धरला तेव्हा ते केळीच्या बागेत पाणी सोडत होते. काम न थांबवता म्हणाले, “चेंडू खेळीसन कोनं घर चालस? एक डाव मी सोता दखसू. मंग बोलसूत.”

योगायोगाने त्या वर्षीचे सामने जळगावलाच होते. आम्ही तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यापर्यंत पोचलो होतो, आणि नाना त्या दिवशी बघायला येणार होते. आता माझी गत लक्षात घ्या. जो माणूस धुळ्याचं ठरवणार, त्याला खेळ कळत नाही. त्याला कळणार ते एवढंच, की चेंडू पोरीच्या हातात आला का. आणि माझं काम असं, की तो बहुधा येत नाही.

नाना आले, धुतलेली टोपी, पिशवीत संघासाठी केळ्यांच्या फण्या. लिंबाखाली बसले. सामना सुरू झाला आणि माझं नशीबही सुरू झालं. एकदा चेंडू माझ्याकडे आला तो हातभर उंच गेला. एकदा झेलला, पण झेलताना पाय बाहेरच्या रेघेवर पडला, म्हणजे धरला जात नाही. बाकी सगळा वेळ पळणं. प्रत्येक वेळी परत येताना मी लिंबाकडे बघायची. नाना तसेच बसलेले, गुडघ्यावर हात, चेहऱ्यावर काही नाही.

शेवट आला तेव्हा आम्ही मागे होतो. एक शेवटचा डाव उरला होता. चेंडू रेघेपार गेला तर आम्ही जिंकणार, नाहीतर हरणार. आम्ही खांद्याला खांदा लावून कोंडाळं केलं. सरांनी बाहेरून खूण केली होती, माझी खोटी धाव आणि चेंडू रूपालीकडे. भारतीने ती पाहिली होती. पण तिने माझ्याकडे बघितलं. तिला लिंबाखालचं सगळं माहीत होतं. आदल्या रात्री खोलीत मी तिलाच तर सांगितलं होतं.

ती हळूच म्हणाली, “तुना नाना उनात. सांग, तुनाकडेच फेकस.”

मी सांगते, त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. फेक म्हणावं. झेलला तर धुळं, नाही झेलला तरी निदान नानांनी चेंडू माझ्याकडे येताना पाहिला असेल. जिभेवर शब्द आला होता. पण मला दिसत होतं की समोरच्या दोघी माझ्यावर डोळा ठेवून आहेत, कारण पळण्यात मी सगळ्यांत वेगाची. रूपालीपुढे एकच होती, आणि तीही दमलेली. संघातल्या पोरींनी सबंध वर्ष त्या मैदानावर ढोपरं फोडून घेतली होती. मी म्हटलं, “रूपालीकडे फेक. मी त्या दोन्हीसले घी जास.”

दोघींना मी ओढून नेते म्हटल्यावर भारतीने मान डोलावली. इतकंच.

मग मी पळाले. तशी मी आधी कधी पळाले नव्हते आणि नंतरही नाही. दोघी माझ्या पाठीशी आल्या, त्यांचे श्वास मला ऐकू येत होते. कोपऱ्याकडे वळले, मान वर केली, हात वर केले, आणि रिकाम्या आभाळातून येणाऱ्या चेंडूची वाट बघितली. इतकी मनापासून बघितली की तो आला नाही याचं मलाच आश्चर्य वाटलं. मग दुसऱ्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. वळून बघते तर रूपाली रेघेच्या पार, आणि सगळ्या पोरी तिच्यावर पडलेल्या.

आम्ही जिंकलो. मीही जाऊन त्या ढिगावर पडले, नाचले, ओरडले. मग हेल्मेट काढून लिंबाकडे निघाले, आणि तिथवर जाताना सगळा आनंद पायातून उतरत गेला. नानांना कसं समजवायचं ते मनात जुळवत होते. चेंडू आला नाही, पण येणार नव्हताच, पण ते मुद्दाम होतं. कोणाला पटेल असलं काही?

नाना उभे राहिले. त्यांनी आधी पिशवीतलं केळं सोलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, “बठ्ठ्यासना डोकावर हंडं. पन तुनं पळनं माले वळखू उनं. मंग मी नजर काढीच नही. काढती, ते तू परत सापडती नही.”

हंडं म्हणजे आमची हेल्मेटं; त्या सगळ्यांतून नानांनी मला नुसत्या पळण्यावरून ओळखलं होतं.

“त्या दोन्ही पोरी तुना मांगे पळन्यात,” नाना म्हणाले. “तू त्यासले पार कोपरामा घी गई. जसा काय चेंडू खरंच ई राहिना. मी बी वर दखं, चेंडू कथा शे म्हनीसन.”

नानांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. म्हणाले, “धुळे जाय. शिक.”

मी गेले, शिकले आणि शाळेत लागले. खेळण्याचं म्हणाल तर ते तिथेच संपलं. कॉलेज सुटलं की या खेळातल्या पोरीला पुढे खेळायला जागाच नाही. ना तालुक्याचा संघ, ना गावचा. मुलगे निदान दुसऱ्या खेळाचं मैदान मागून आपसांत खेळत तरी राहतात. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. भारती सुरतेला आहे. आखाजीला माहेरी आली की फोन करते, आणि दर वर्षी विचारते की आता तरी चेंडू काखेतून काढला का.

शाळेत मी पोरींना तो खेळ शिकवते. वांग्यांनीच, कारण चेंडू अजूनही एकच आहे. चांगलं झेलणारी कोण हे मी पहिल्या दिवशी बघत नाही. चेंडू भलतीकडे गेला तरी शेवटच्या पावलापर्यंत हात वर ठेवून कोण पळते, ते बघते.

नाना आता बागेत फारसे जात नाहीत. पारावर बसतात आणि कोणी नवा पाहुणा सापडला की त्याला तो सामना सांगतात. पोर कशी पळाली, कोपऱ्याकडे कशी वळली, दोन्ही पोरी कशा तिच्यामागे गेल्या. सांगताना स्वतःचेही हात वर करतात. परवा एका पाहुण्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की आबा, मग तो शेवटचा गुण कोणी केला?

नानांनी वर केलेले हात खाली घेतले.

“ते काय मी दखं नही,” ते म्हणाले.